खेळ मोडू न देण्याची कला

शाळेला मैदान आहे का, या प्रश्नाचे उत्तर यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढेच देता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि प्रत्येक वर्गासाठी खेळाचे साहित्य या दोन्ही गोष्टी आवश्यक म्हणून लिहिलेल्या आहेत. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार आणि उच्च प्राथमिक शाळेला १० हजार रुपयांपर्यंत क्रीडासाहित्याची तरतूद आहे. ही झाली मोजता येणारी बाजू. त्या मैदानावर मधल्या सुट्टीत काय घडते, भांडण झाल्यावर खेळ पुढे सरकतो की मोडतो, कोण डावात असते आणि कोण भिंतीला टेकून नुसते बघत राहते, याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही. मुले माणसांत वागायला कशी शिकतात, हे समजून घ्यायचे तर विचारायला हवेत ते हेच प्रश्न. हिंगोली जिल्ह्यात ते विशेष नेटाने विचारले पाहिजेत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा; २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आणि त्यातले शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहणारे. सेनगाव, औंढा किंवा कळमनुरी तालुक्यातल्या तांड्यावरच्या, वाडीवरच्या मुलाला क्रीडाशिबिर नाही, छंदवर्ग नाही, सोसायटीची बाग नाही. घराबाहेरच्या आणि भावकीबाहेरच्या मुलांशी रोज गाठ पडण्याची त्याची एकमेव जागा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवार.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की मैदानावर मुले जे सामाजिक शहाणपण मिळवतात ते खेळ स्वतः चालवण्यातून मिळवतात. नुसते खेळल्याने ते मिळते असे नाही. खेळ उभा करणे, त्याचे नियम ठरवणे, तंटा मिटवणे आणि रुसलेल्याला परत आणणे ही त्यातली खरी कामे आहेत. शिक्षकाने शिट्टी वाजवून घेतलेल्या खेळात ही कामे मुलांकडे उरतच नाहीत. तिथे त्यांच्या वाट्याला फक्त धावणे येते.

लगोरी घ्या. सात चपटे दगड आणि चिंध्यांचा एक चेंडू एवढे भांडवल. पण पहिला चेंडू पडण्याआधी बरेच काही घडलेले असते. दोन म्होरके ठरतात. उरलेली मुले आपापल्या ताकदीचा जोडीदार शोधतात, जोडीने बाजूला जाऊन फळाफुलांची चोरनावे घेतात आणि गळ्यात हात घालून परत येतात. म्होरक्याने नाव मागायचे. त्या नावामागे जो असेल तो त्याचा भिडू. या पद्धतीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, पण तिच्यात विलक्षण अक्कल आहे. जोडी तोडीसतोड असल्याने दोन्ही बाजू आपोआप समान होतात. म्होरक्याला चेहरा बघून निवडता येत नाही, त्यामुळे वशिला चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'शेवटी उरलेला' असा कोणी राहत नाही. हीच वाटणी मोठी माणसे करतात तेव्हा दोन कप्तान आळीपाळीने एकेकाला बोलावतात आणि सगळ्यांत कच्चे पोर अखेरपर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर ताटकळत राहते. मुलांनी पिढ्यान् पिढ्या घासूनपुसून घेतलेली रीत इथे मोठ्यांच्या रीतीपेक्षा सरस आहे. शिवाय ती चालायची तर आपल्या ताकदीचा प्रामाणिक अंदाज लागतो. मी कोणाच्या तोडीचा, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज चारचौघांत ठरवावे लागते आणि त्याचा अंदाज चुकला तर जोडी जमत नाही.

या प्रकारच्या निरीक्षणाला मानसशास्त्रात जुना आधार आहे. झां पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधली मुले गोट्या कशा खेळतात यावरून नैतिक समज कशी वाढते ते मांडले. लहान मुलांना नियम वाडवडिलांकडून आलेले आणि म्हणून अढळ वाटतात; दहा-बारा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते की नियम आपण मिळून केलेला आहे आणि सगळ्यांची संमती असेल तर तो बदलता येतो. पियाजे यांचा रोख असा होता, की हा बदल बरोबरीच्या मुलांत होतो. मोठ्या माणसासमोर मूल आज्ञा पाळायला शिकते. करार करायला ते शिकते आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलासमोर, कारण तिथे हुकूम चालत नाही. सोव्हिएत रशियात लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मधल्या व्याख्यानात दुसऱ्या बाजूने हाच मुद्दा गाठला. खेळात मूल आपल्या मनाच्या ऊर्मीला आवर घालते, कारण नियम पाळण्यातच खेळाची गंमत आहे. एरवी दोन मिनिटे शांत न बसणारा पोरगा लपंडावात श्वास रोखून कणगीमागे बसतो. हा संयम त्याला कोणी शिकवलेला नसतो. पियाजे यांचे पुस्तक आले त्याच १९३२ साली अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन यांनी एकट्याने खेळणे, शेजारी शेजारी खेळणे, मिसळून खेळणे आणि कामे वाटून घेऊन खेळणे अशा पायऱ्या लावल्या. त्या पायऱ्या आता इतक्या सरळ मानल्या जात नाहीत, पण त्यांतली 'नुसते बघणारे मूल' ही नोंद अजून उपयोगी आहे. बघणे हीसुद्धा खेळात शिरण्याची तयारी असते; मात्र तेच मूल महिनाभर बघतच राहिले तर दार बंद आहे असे समजावे.

सगळे खेळ या बाबतीत सारखे नाहीत, हे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे. खो-खोत आठ जण एका ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा सोडता येत नाही. म्हणजे एकटा कितीही पळणारा असला तरी त्याला दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' द्यावाच लागतो आणि स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठायचे नाही. आपली संधी नेमक्या क्षणी सोडून देणे हाच या खेळाचा गाभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला असे दोन्ही गट जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. त्याचा अभिमान ठीकच. पण शाळेच्या आवारात हा खेळ ज्या कारणाने मोलाचा आहे ते कारण पदकापेक्षा वेगळे आहे. याउलट क्रिकेट. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा गल्लोगल्लीचा अलिखित कायदा सर्वांना ठाऊक आहे. साहित्याचा मालक आला की खेळात सत्ता आली आणि मालक रुसून घरी गेला की बावीस जणांचा डाव संपला. क्रिकेट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पण ज्या खेळाला मालक नसतो तिथे मुलांना वाटाघाट करण्यावाचून इलाज नसतो, आणि लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, डबा ऐसपैस हे सगळे बिनमालकाचे खेळ आहेत. विनोद असा, की शाळेला मिळालेल्या अनुदानातून आलेली बॅट आणि चेंडू बहुधा कपाटात कुलूपबंद असतात, कारण हरवले तर जडसंग्रह नोंदवहीत उत्तर द्यावे लागते. खेळाचे साहित्य न झिजता जपणे हे शाळेच्या कारभारात चांगले मानले जाते.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. खेळामुळे मुले समंजस होतात, की समंजस मुलेच खेळात जास्त घेतली जातात? २०१३ साली अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी भातुकलीसारख्या कल्पनेच्या खेळावरचे दशकांचे संशोधन तपासले आणि निष्कर्ष काढला, की त्या खेळानेच मुलांचा विकास होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. अनेक अभ्यासांची रचनाच कच्ची होती. खेळाच्या बाजूने बोलणाऱ्या बऱ्याच जणांना हे गैरसोयीचे वाटते. पण ते मान्य करूनच पुढे जायला हवे. हा आढावा नियमांच्या मैदानी खेळांबद्दल नव्हता हे खरे, तरी त्यातली सावधगिरी इकडेही लागू आहे. मैदानी खेळांबाबत अँथनी पेलेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा खेळात तरबेज असणे आणि पुढे शाळेत नीट रुळणे यांचा संबंध दिसला, तोही मुख्यतः मुलग्यांत. हा संबंध आहे, कारण नव्हे. मग आपण काय म्हणू शकतो? एवढे, की खेळाला औषधाच्या गोळीसारखे तपासणे बरोबर नाही. अमुक मिनिटे खेळ दिला की तमुक गुण समजूतदारपणा वाढला, असे मोजमाप निघणार नाही. पण वाटाघाट करायला शिकायचे तर वाटाघाटीचे प्रसंग यावे लागतात, हे सिद्ध करायला प्रयोग लागत नाही. दिवसभरात शाळा मुलाला असे प्रसंग कुठे देते? वर्गात बोलायचे ते शिक्षकाशी, रांगेत उभे राहायचे ते हुकुमाने, पोषण आहाराची खिचडी वाढली जाते ती क्रमाने. उरते ती मधली सुट्टी.

दुसरा आक्षेप हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हमखास ऐकू येईल असा आहे: खेड्यातली मुले खेळतातच की दिवसभर, त्यासाठी शाळेने काय करायचे? या म्हणण्यात गावाचे एक जुने चित्र आहे आणि ते आज पूर्णपणे खरे नाही. शेतमजुराच्या घरातले नऊ-दहा वर्षांचे मूल मोकळे नसते. वसमत भागात हळद काढायच्या, शिजवायच्या, वाळवायच्या दिवसांत मोठी माणसे कामाला गेली की धाकट्याला सांभाळणे थोरल्या बहिणीवर येते. पाणी, शेळ्या, सरपण ही कामे आहेतच. दुसरे असे, की गावात खेळ चालतो तो आपापल्या आळीत. मराठ्यांची आळी, बौद्धवाडा, हटकरांची घरे, मुसलमान मोहल्ला, गावापासून लांब बंजारा तांडा, कळमनुरी-औंढ्याकडे आंध आदिवासींची वस्ती: ज्या मुलांनी एकत्र खेळावे असे आपल्याला वाटते, ती शाळा सुटल्यावर वेगवेगळ्या दिशांना जातात. गावभर खेळणारे मूल प्रत्यक्षात आपल्याच लोकांत खेळत असते. सगळ्या आळ्यांची मुले एका जागी येतात ती शाळेत, आणि वर्गात ती एकत्र बसली तरी एकमेकांवाचून त्यांचे काही अडत नाही. अडते ते खेळात. तांड्यावरून आलेल्या, घरी गोरबोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी जड जाते. 'आऊट नव्हतो' हे मात्र त्याला पहिल्याच आठवड्यात मराठीत म्हणावे लागते, आणि पटवूनही द्यावे लागते.

एकत्र खेळल्याने जातीचे अंतर खरोखर कमी होते का? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये म्हटले होते, की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. त्याच वर्षी मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात बावीस मुलग्यांचे शिबिर घेऊन दाखवले, की मुलांचे दोन कायमचे गट पाडून त्यांना स्पर्धेत उतरवले तर काही दिवसांत वैर पेटते, आणि दोन्ही गटांना मिळूनच करावे लागेल असे काम समोर आले की ते निवते. आपल्या देशातला अलीकडचा पुरावा मॅट लो यांचा आहे. त्यांनी उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटचे सामने भरवले आणि संघ सोडतीने पाडले. काही एकाच जातीचे, काही मिश्र. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. एका संघात खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या तरुणांत मैत्री वाढली. दुसऱ्या जातीचे लोक फक्त समोरच्या संघात भेटले तिथे ती वाढली नाही, उलट घटली. हे तरुण होते, मुले नव्हती, आणि गाव गंगेकाठचे होते, हिंगोलीतल्या कयाधू नदीकाठचे नव्हते. तरी यातून आपल्या मैदानासाठी एक धडा निघतो. मुलांच्या स्वतःच्या खेळात बाजू रोज नव्याने पडतात. काल समोर असलेला आज आपला भिडू असतो. चोरनावांच्या वाटणीत तर हे मिश्रण आपसूकच होते. वर्षभर तेच संघ, तेच कप्तान, तांडा विरुद्ध गाव किंवा ही वाडी विरुद्ध ती वाडी असे सामने ठेवले, तर तेच मैदान वैर शिकवायला पुरेसे आहे.

म्हणजे मैदान आपोआप चांगले शिकवते असे कोणी समजू नये. त्यात सर्वांत ठसठशीत खोट मुलींच्या बाबतीत आहे. अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानांवर निरीक्षण करणाऱ्या बॅरी थॉर्न यांनी १९९३ मध्ये लिहिले, की मुलग्यांनी व्यापलेली जागा मुलींच्या जागेच्या दहापटीपर्यंत असते. आपल्याकडे हे पाहायला पुस्तकाची गरज नाही. मैदानाच्या मध्यावर क्रिकेट मांडलेले असते आणि मुली कडेला, व्हरांड्यात, झाडाखाली सागरगोटे किंवा जिबली खेळतात. जेनेट लीव्हर यांनी १९७६ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलामुलींचे खेळ न्याहाळून म्हटले होते, की मुलग्यांचे खेळ जास्त वेळ टिकतात. भांडणे होतात, पण मिटवून खेळ पुढे जातो. मुलींचे खेळ लहान गटांचे असतात आणि भांडण झाले की बहुधा थांबतात. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की मोठ्या संघटनेत वागण्याची तालीम मुलग्यांना जास्त मिळते. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये याला हरकत घेतली: मैत्री तुटू नये म्हणून खेळ थांबवणे हेही शहाणपणच आहे, ते कमी दर्जाचे कसे? वाद दोघींनी नेटका मांडला आहे. आपल्या संदर्भात मला लीव्हर यांची बाजू थोडी जड वाटते, पण तिचे कारण स्वभावात नाही, जागेत आहे. ज्यांना कडेचा तुकडाच मिळतो त्यांचे खेळ लहानच राहणार, आणि लहान खेळात म्होरके, पंच, बदली भिडू यांची गरजच पडत नाही. खो-खोत, लंगडीत, कबड्डीत मुलींना मधले मैदान मिळाले की त्या तितक्याच कडाक्याने भांडतात आणि तितक्याच पटकन खेळाकडे वळतात. म्हणून आठवड्यातले काही दिवस मध्यभाग मुलींचा किंवा मिश्र खेळाचा, असा साधा नियम शाळेने करायला हरकत नाही. मुलांच्या खेळात ढवळाढवळ करू नये असे म्हणतानाच हा हस्तक्षेप मी सुचवतो आहे, आणि त्यात विरोध नाही. खेळात काय घडावे ते मुलांनी ठरवावे. खेळात कोणाला येता येईल, हे मात्र शाळेचे काम आहे. अमेरिकेतल्या बालवर्गाच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी १९९२ च्या पुस्तकात 'तू खेळायचे नाहीस, असे कोणाला म्हणता येणार नाही' अशा अर्थाचा एकच नियम आपल्या वर्गात लागू करण्याचा अनुभव सांगितला आहे. मुलांनी कुरकुर केली, नियम टिकला.

धाकधपटशाचेही तसेच. शाळेतल्या छळवणुकीवर नॉर्वेत डॅन ओल्व्हेयस यांनी जे काम केले त्यातून दिसले, की मैदान ही अशा प्रकारांची एक ठळक जागा असते आणि मोठे माणूस जवळपास असण्याने फरक पडतो. दोनशिक्षकी शाळेत मधल्या सुट्टीत एक शिक्षक पोषण आहाराची नोंद भरत असतो, दुसरा फोनवर मागवलेली माहिती पाठवत असतो. मुले मोकळी असतात ती कोणाच्या शैक्षणिक विचारामुळे नव्हे, शिक्षकाला सवड नसल्यामुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. सुरक्षिततेसाठी ते हवेच असेल. पण रोज एकाच धाकट्याला डावातून हाकलले जाते, हे कॅमेऱ्याला कळत नाही, व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसाला कळते. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक ही तर चैन आहे. 'असर'च्या २०१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांपैकी जेमतेम ६ टक्के आणि उच्च प्राथमिक शाळांपैकी सुमारे ३१ टक्के शाळांतच तो होता. तो नाही म्हणून फार हळहळण्याचे कारण मला दिसत नाही. या कामाला कवायत घेणारा शिक्षक लागत नाही. लागतो तो जवळ उभा राहणारा, बोलावल्याशिवाय मध्ये न पडणारा, आणि दार अडवणाऱ्याला मात्र ताबडतोब हटकणारा.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि अधिकाऱ्यांचाही: पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, आणि तुम्ही खेळाचे काय घेऊन बसलात? वाचता न येणे ही खरी आपत्ती आहे, तिला लहान लेखू नये. पण हिशेब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे. म्हणजे रोज चार तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास, म्हणजे रोज साडेचार तासांच्या आसपास. शाळेचा दिवस त्याहून लांब असतो. वाचन कच्चे राहते त्याची कारणे शिक्षकांची रिक्त पदे, अध्यापनाबाहेरची कामे, मुलांची गैरहजेरी यांत शोधावी लागतील. अर्ध्या तासाच्या सुट्टीवर तो दोष ढकलणे सोपे आहे, कारण सुट्टी कमी करायला कोणाची मंजुरी लागत नाही. पेलेग्रिनी यांच्याच प्रयोगांत असेही दिसले, की सुट्टीनंतर मुलांचे लक्ष वर्गात जास्त लागते आणि सुट्टी लांबणीवर टाकली की ते उडते. फिनलंडमध्ये पाऊण तासाच्या तासिकेनंतर पाव तास बाहेर सोडण्याची पद्धत याच समजुतीवर उभी आहे. इंग्लंडमध्ये मात्र ब्लॅचफोर्ड आणि बेन्स यांनी १९९५, २००६ आणि २०१७ अशा तीन पाहण्यांत सुट्टीचा वेळ टप्प्याटप्प्याने आकसत गेल्याचे नोंदवले. श्रीमंत देशही त्या मोहातून सुटलेले नाहीत.

आपल्याकडे हा वेळ आणखी एका वाटेने तुटतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. काहींना हंगामी वसतिगृहांत किंवा आजीआजोबांकडे ठेवले जाते. पाडव्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा अभ्यास मागे पडलेला असतो हे सगळ्यांना दिसते. पण मधल्या काळात भिडू बदललेले असतात, नवे नियम रुळलेले असतात, आणि परतलेल्या मुलाला स्वतःची जागा पुन्हा मिळवावी लागते. त्याच्यासाठी वर्गात पूरक अध्यापन असते. मैदानावर असते ते 'लिंबूटिंबू'. हा आपल्या खेळांतला एक फार समजूतदार प्रकार. धाकट्या किंवा नवख्या पोराला डावात घ्यायचे, पळू द्यायचे, पण बाद झाला तरी धरायचे नाही. त्याच्यामुळे बाजूचे नुकसान होत नाही आणि त्याला आतून पाहायला मिळते. वर्ष-सहा महिन्यांत तो स्वतःच म्हणतो, आता मला खरा धरा. ही सवलत कधी संपवायची, हे ठरवतानाही वाद होतो, आणि तो वाद मोठी मुले धाकट्याच्या बाजूने चालवताना दिसतात. करोनाकाळात मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग अधिकृतपणे भरलेच नाहीत, तेव्हा एका संपूर्ण तुकडीचे लिंबूटिंबूपण शाळेबाहेर गेले. त्या तुकडीचे वाचन किती घसरले याची चर्चा खूप झाली.

लिंबूटिंबू तिथेच जन्मतो जिथे वेगवेगळ्या वयांची मुले एका डावात असतात. लहान पटाच्या शाळांचे मोल इथे आहे. पंधरा-वीस मुलांच्या वस्तीवरच्या शाळेत इयत्तेनुसार खेळायची चैन परवडत नाही. लगोरीच्या दोन बाजू करायच्या तर पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी मुले आणि मुली लागतात. चणचणीने आपोआप मिश्रण होते. मोठ्या शहरी शाळेत शेकडो मुलांचा पट असतो आणि दहा वर्षांचे मूल दिवसभर फक्त दहा वर्षांच्या मुलांत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही त्यासाठी नमुना म्हणून पुढे केलेली उदाहरणे. विरोध झाला तो बहुतांशी अंतराच्या आणि मुलींच्या गळतीच्या मुद्द्यावर, आणि तो रास्त होता. समूह शाळेच्या समर्थनात एक म्हणणे असे मांडले गेले, की लहान शाळेत मुलांना समवयस्कांचा सहवास मिळत नाही, त्यामुळे त्यांचा सामाजिक विकास खुंटतो. हे म्हणणे सरळ फेटाळता येणार नाही. चार-पाच मुलांच्या शाळेत खरोखरच खेळ उभा राहत नाही. तिथे एकटेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण पाच आणि वीस यांत फार फरक आहे, आणि सरकारी पत्रात दोन्ही एकाच रेषेखाली येतात. वीस मुलांचा डाव चांगला रंगतो, आणि त्यात समवयस्कांच्या डावात नसलेले काहीतरी असते: दहा वर्षांच्या मुलीने सहा वर्षांच्या मुलाला सांभाळून घेत जिंकायचे असते.

जिथे शाळा एकत्र होणारच असतील, तिथे काही गोष्टी कागदावर आधीच लिहून घेण्यासारख्या आहेत. सगळ्या इयत्तांची मधली सुट्टी एकाच वेळी ठेवावी, आळीपाळीने नको. क्रीडा दिनापुरते संघ सोडले तर गावनिहाय संघ पाडू नयेत. चेंडू, दोऱ्या, विटीदांडू कपाटाबाहेर असावेत आणि झिजलेले, हरवलेले साहित्य नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला असावा. पावसाळ्यात इथली काळी माती पायाला चिकटते आणि मैदान आठवडेच्या आठवडे बंद पडते, तेव्हा मुरूम टाकलेला एक पट्टा किंवा पत्र्याखालची मोकळी जागा लागते. संरक्षक भिंतीवर रंगवलेल्या चित्रांपेक्षा तो खर्च आधी यावा. आणि वाहनाची वेळ. लांबच्या वाड्यांवरून गाडीने येणारी मुले घंटेच्या पाच मिनिटे आधी उतरतात आणि सुटल्या सुटल्या चढतात, त्यामुळे शाळा भरण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा मोकळा खेळ, जो पायी येणाऱ्या मुलांना फुकट मिळत होता, तो त्यांच्या दिवसातून नाहीसा होतो. गाडी सकाळी अर्धा तास आधी पोहोचली तर तो परत मिळू शकतो. त्यासाठी वाहनचालकाला एक फेरी पुढेमागे करावी लागेल आणि त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे, असा प्रश्न पंचायत समितीत निघेल. तो करारातच सोडवता येण्यासारखा आहे.